सागुक : कोरियाच्या ऐतिहासिक मालिका आणि त्यांचा जगभरचा प्रेक्षक

कोरियन भाषेत ऐतिहासिक नाट्याला ‘सागुक’ म्हणतात. ‘सा’ म्हणजे इतिहास, ‘गुक’ म्हणजे नाटक. चिनी अक्षरांवरून घडलेला हा शब्द आज मुख्यतः दूरचित्रवाणीवरील मालिकांसाठी वापरला जातो. गोगुर्यॉ, बेक्जे आणि सिल्ला ही प्राचीन राज्ये आणि त्यांच्यानंतरचे गोर्यॉ राज्य यांच्यावरही सागुक झाले आहेत. तरी बहुतेक कथा घडतात त्या जोसॉन घराण्याच्या काळात. १३९२ साली सत्तेवर आलेल्या या घराण्याने १८९७ पर्यंत राज्य म्हणून आणि पुढे साम्राज्य म्हणवून घेत १९१० पर्यंत कारभार केला. त्या वर्षी जपानने कोरिया गिळंकृत केला. पाच शतकांत सत्तावीस राज्यकर्ते होऊन गेले आणि त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा मालिका आली.

या मालिका दीर्घकाळ मुख्यतः कोरियन घरांतच पाहिल्या जात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मात्र सोळाव्या शतकातल्या एका वैद्यीणबाईची गोष्ट तैपेई, तेहरान, कोलंबो आणि दिल्लीच्या पडद्यांवर पोहोचली. त्यामागे सहाशे वर्षांची नोंदी ठेवण्याची परंपरा, वसाहतकाळातली वृत्तपत्रीय कादंबरी, सरकारी दूरचित्रवाणी आणि आशियातली बदललेली बाजारपेठ अशा अनेक गोष्टी होत्या.

नोंदींचा साठा

सागुकचा मूळ आधार म्हणजे ‘जोसॉन वांगजो सिल्लोक’, अर्थात जोसॉन राजघराण्याचा वृत्तांत. १३९२ ते १८६३ या ४७२ वर्षांतल्या पंचवीस राजांची ही दिनवार नोंद १,८९३ खंडांत आहे. १९९७ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक स्मृतिवारशाच्या यादीत समावेश केला.

मराठेशाहीत राजाच्या रोजच्या हालचाली टिपून ठेवण्याचे काम वाकनिसाकडे असे. जोसॉन दरबारात ते काम ‘सागवान’ नावाचे अधिकारी करीत. फरक होता तो अधिकाराचा. सागवानांनी काय लिहिले ते पाहण्याची मुभा खुद्द राजालाही नव्हती. राजाच्या मृत्यूनंतर स्वतंत्र कचेरी बसे, सागवानांची टिपणे व इतर दप्तरे एकत्र करून त्या कारकिर्दीचा वृत्तांत तयार होई, आणि मग मूळ टिपणे ओढ्याच्या पाण्यात धुऊन टाकली जात. शाई निघून गेली की कागद पुन्हा वापरता येई आणि कोणी कोणाविरुद्ध काय लिहिले याचा मागही उरत नसे. राजधानीलगतच्या सेगॉमजॉन्ग येथील ओढ्यावर हे काम चाले.

१४०४ सालची एक नोंद या पद्धतीची साक्ष म्हणून नेहमी सांगितली जाते. राजा तेजोंग शिकारीत हरणामागे धावताना घोड्यावरून पडला. त्याला इजा झाली नाही. उठून इकडेतिकडे पाहत त्याने सांगितले की ही गोष्ट सागवानाला कळू देऊ नका. सागवानाने राजाचे पडणे लिहिले आणि त्याने दिलेली ही ताकीदही लिहून ठेवली.

वृत्तांताच्या प्रती चार ठिकाणी ठेवलेल्या असत. १५९२ मध्ये जपानी सेनानी हिदेयोशीच्या फौजा कोरियात उतरल्या तेव्हा तीन ठिकाणच्या प्रती जळाल्या. जॉन्जू येथील प्रत स्थानिक विद्वानांनी डोंगरात हलवली म्हणून वाचली आणि तिच्यावरून पुढच्या प्रती झाल्या. हा सारा मजकूर अभिजात चिनी भाषेत असल्याने सामान्य कोरियन वाचकाला तो अगम्य होता. दक्षिण कोरियात त्याचे आधुनिक कोरियन भाषांतर १९६८ ते १९९३ अशी पंचवीस वर्षे चालले. १९९५ मध्ये ते सीडी-रॉमवर आले आणि त्यानंतर इंटरनेटवर सर्वांना खुले झाले. पूर्वी पटकथाकाराला इतिहासकाराच्या मध्यस्थीने राजांपर्यंत पोहोचावे लागे. आता ‘स्वयंपाकी’, ‘वैद्यीण’ किंवा ‘गुलाम’ असा एखादा शब्द शोधून तो थेट सामान्य माणसांच्या नोंदींवर जाऊ लागला. पुढे मालिकांचे विषय बदलले त्यात या सोयीचा वाटा होता.

कादंबरीकडून पडद्याकडे

आधुनिक ऐतिहासिक कथेची सुरुवात जपानी राजवटीत वृत्तपत्रांतून झाली. देशाला राजा उरला नव्हता आणि वर्तमानावर लिहिणे धोक्याचे होते, तेव्हा लेखक भूतकाळाकडे वळले. यी ग्वांग-सू यांची राजा दानजोंगवरील क्रमशः कादंबरी १९२८-२९ मध्ये प्रसिद्ध झाली. चुलत्याने गादीवरून खाली खेचलेल्या आणि १४५७ मध्ये जीव गमावलेल्या या पोरसवदा राजाच्या कथेत वाचकांना आपल्या गमावलेल्या राज्याचे दुःख दिसले. त्याच सुमारास होंग म्योंग-ही यांनी इम क्कोक-जॉन्ग या सोळाव्या शतकातल्या दरोडेखोरावर कादंबरी लिहायला घेतली. राजवाड्यातली शोकांतिका आणि रानातला बंडखोर हे दोन्ही विषय पुढे सागुकने उचलले.

चित्रपटांनी लोककथेचा आधार घेतला. गणिकेची मुलगी चुनह्यांग आणि सरदारपुत्र यांची प्रेमकथा ‘पान्सोरी’ या गायन-कथनाच्या परंपरेतून घरोघरी माहीत होती. कोरियातला पहिला बोलपट १९३५ साली तिच्यावरच निघाला. कोरियन युद्ध संपल्यावर, १९५५ मध्ये, त्याच कथेवरच्या नव्या चित्रपटाला मोठी गर्दी लोटली.

सरकारी केबीएस दूरचित्रवाणी १९६१ च्या अखेरच्या दिवशी सुरू झाली आणि एमबीसी वाहिनी १९६९ मध्ये आली. साठच्या दशकात सुरू झालेल्या सागुकांत दोन प्रवाह दिसत. एक होता राष्ट्रपुरुषांचा. लष्करी राजवटीचे अध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी नौसेनानी यी सुन-शिन यांचे स्मारक भव्य केले आणि १९६८ मध्ये सोलच्या मध्यवर्ती चौकात त्यांचा पुतळा उभा राहिला. छोट्या पडद्यावरही देशरक्षक वीरांना मान होता. दुसरा प्रवाह जनान्यातल्या कलहाचा होता. राण्या, उपपत्नी, त्यांचे गट आणि विषप्रयोग यांच्या कथा गृहिणी आवडीने पाहत.

या दुसऱ्या प्रवाहाची सर्वांत परिचित नायिका, किंवा खलनायिका, म्हणजे जांग ही-बिन. सामान्य कुळातली ही दासी राजा सुकजोंगची मर्जी संपादन करून राणीपदापर्यंत पोहोचली, पदच्युत झाली आणि १७०१ मध्ये राजाच्या आज्ञेने तिला मृत्युदंड मिळाला. १९७१ मध्ये एमबीसीवर ही भूमिका यून यो-जंग यांनी केली. पुढे २०२१ मध्ये अभिनयाचे ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन कलावंत ठरल्या. त्यानंतर जवळपास प्रत्येक दशकाने आपली नवी जांग ही-बिन उभी केली. जुन्या मालिकांतली ती कपटी बाई होती. २०१० च्या ‘दोंग यी’ या मालिकेत तिची प्रतिस्पर्धी नायिका झाली, तर २०१३ च्या मालिकेत ती स्वतः वस्त्रे शिवणारी, प्रेमापायी होरपळलेली तरुणी म्हणून आली. स्त्रीच्या महत्त्वाकांक्षेकडे कोरियन समाज कसा पाहत आला, हे या एका पात्राच्या बदलत्या रूपांवरून वाचता येते.

महानदीसारख्या मालिका

डिसेंबर १९८० मध्ये कोरियात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. राजवस्त्रांचा लाल, दरबाऱ्यांचा निळा आणि राजवाड्याच्या तुळयांवरची हिरवी-तांबडी नक्षी प्रथमच छोट्या पडद्यावर उतरली. केबीएसने आठवडाअखेरीस चालणाऱ्या दीर्घ मालिका सुरू केल्या. त्यांना ‘देहा’ म्हणजे महानदी म्हणतात. जपानच्या एनएचकेवर १९६३ पासून चालत आलेल्या ऐतिहासिक मालिकांच्या नावाचाही अर्थ तोच आहे.

१९८३ मध्ये एमबीसीने ‘जोसॉन राजवटीची पाचशे वर्षे’ हा प्रचंड प्रकल्प हाती घेतला. शिन बोंग-सुंग यांची पटकथा आणि ली ब्युंग-हून यांचे दिग्दर्शन असलेल्या अकरा मालिकांतून घराण्याचा इतिहास क्रमाने मांडला गेला. १९९० पर्यंत हे काम चालले. केबीएसच्या ‘ड्रॅगनचे अश्रू’ या १९९६-९८ मधल्या १५९ भागांच्या मालिकेने घराण्याची स्थापना आणि भावाभावांतली रक्तरंजित सत्तास्पर्धा दाखवली. त्याच काळात देशात अध्यक्षीय निवडणूक झाली आणि पडद्यावरच्या सत्ताकारणाची तुलना खऱ्या राजकारणाशी होत राहिली. सन २००० मध्ये आलेली ‘तेजो वांग गॉन’ ही गोर्यॉच्या संस्थापकावरची मालिका दोनशे भाग चालली.

या मालिका पाहायला कोरियाचा इतिहास ठाऊक असावा लागे. कोणता मंत्री कोणत्या गटाचा, कोणत्या राजपुत्राचा कोणावर दावा, हे शाळेत शिकलेल्या प्रेक्षकालाच समजे. त्यामुळे देशात अफाट लोकप्रिय असूनही देशाबाहेर त्यांना मर्यादित प्रेक्षक मिळाला.

दरबाराकडून दवाखान्याकडे

वळण आणले ते ली ब्युंग-हून यांनीच. राजघराण्याचा सगळा इतिहास पडद्यावर मांडून झाल्यावर त्यांनी दरबारात काम करणाऱ्या माणसांकडे पाहिले. १९९९ मध्ये एमबीसीवर आलेली ‘हॉ जुन’ ही मालिका सोळाव्या-सतराव्या शतकातल्या राजवैद्याची होती. हॉ जुन (१५३९–१६१५) हे दुय्यम पत्नीचे पुत्र. अशा मुलांना त्या काळी वरिष्ठ पदे बंद असत. त्यांनी सिद्ध केलेला ‘दोंगुइ बोगाम’ हा वैद्यकग्रंथ १६१३ मध्ये छापला गेला आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या स्मृतिवारसा यादीत आला. याच वैद्यावर एमबीसीने आधीही मालिका केल्या होत्या. नव्या मालिकेने वेशभूषेचे रंग उजळले, कथेची गती वाढवली, पार्श्वसंगीत आधुनिक केले आणि तरुणांना सागुककडे ओढले. तिची सर्वोच्च प्रेक्षकसंख्या ६० टक्क्यांच्या वर गेली.

पुढची पायरी म्हणजे २००३-०४ मधली ५४ भागांची ‘दे जांग गुम’. ली ब्युंग-हून यांचे दिग्दर्शन, किम यंग-ह्यॉन यांची पटकथा आणि ली यंग-ए यांची मुख्य भूमिका. जांग गुम ही खरी व्यक्ती. राजा जुंगजोंग (कारकीर्द १५०६–१५४४) याच्या वृत्तांतात तिचा उल्लेख मोजून दहाएक वेळा येतो. १५१५ मध्ये राणीचा बाळंतपणानंतर मृत्यू झाला तेव्हा वैद्यांसोबत तिलाही शिक्षा करावी अशी मागणी झाली आणि राजाने ती मान्य केली नाही. पुढे तिच्या कौशल्यामुळे तिला वेतन ठरवून दिल्याची नोंद आहे. १५४४ मध्ये आजारी राजाने आपल्या प्रकृतीविषयी वैद्यिणीलाच ठाऊक आहे असे दरबाऱ्यांना सांगितले. तिचे जन्मगाव, आईवडील किंवा अखेर यांबद्दल वृत्तांतात काहीच नाही. पटकथेतला स्वयंपाकघराचा सगळा पूर्वार्ध, तिच्या आईची हकिकत आणि प्रेमकथा हे लेखिकेच्या कल्पनेतले आहे.

तिची पार्श्वभूमी मात्र खरी आहे. जोसॉन समाजात परपुरुषाने स्त्रीला स्पर्श करणे निषिद्ध असल्याने अनेक स्त्रिया उपचाराविना मरत. म्हणून १४०६ मध्ये सरकारी दासींच्या मुली निवडून त्यांना नाडीपरीक्षा व सुया टोचण्याचे उपचार शिकवण्याची सोय झाली. या वैद्यिणींचा सामाजिक दर्जा मात्र खालचाच राहिला. ज्ञान मोठे आणि जात हलकी, या विसंगतीतून कथेला बळ मिळाले.

मुदपाकखान्याचे चित्रणही आधाराने केलेले होते. जोसॉन राजवाड्यात शेवटपर्यंत काम केलेल्या हान ही-सून या दरबारी स्त्रीकडून ह्वांग हे-सॉन्ग यांनी राजघराण्याची पाककला शिकून घेतली आणि लिहून ठेवली. १९७१ मध्ये कोरियन शासनाने या पाककलेला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून संरक्षण दिले. ह्वांग यांच्या कन्या हान बोक-र्यॉ यांनी मालिकेतल्या खाद्यपदार्थांसाठी मार्गदर्शन केले. त्यामुळे आंबवलेल्या भाज्या, सोयाबीनच्या मसाल्यांचे रांजण, ऋतूनुसार बदलणारे पदार्थ आणि राजासाठी मांडलेला बारा पदार्थांचा थाळा हे सारे पडद्यावर तपशिलाने आले. ‘अन्न हेच औषध’ ही मालिकेची मध्यवर्ती कल्पना कोणत्याही देशातल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नव्हती.

सीमेपलीकडे

१९९७ च्या आशियाई आर्थिक संकटानंतर तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशियातल्या वाहिन्यांना महागड्या जपानी मालिकांऐवजी स्वस्त पर्याय हवा होता. कोरियन मालिका दर्जेदार होत्या आणि परवडत होत्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चिनी वृत्तपत्रांनी या लाटेला ‘हाल्ल्यू’ म्हणजे कोरियन लाट हे नाव दिले. पहिली लाट आधुनिक प्रेमकथांची होती. जपानमध्ये तिचे शिखर ‘विंटर सोनाटा’ या मालिकेने गाठले. सागुक त्या लाटेवर स्वार होऊन आला आणि प्रेमकथा जिथे पोहोचल्या नव्हत्या तिथेही गेला.

‘दे जांग गुम’ २००४ मध्ये तैवानमध्ये, त्याच वर्षी जपानच्या एनएचकेच्या उपग्रह वाहिनीवर आणि २००५ मध्ये हाँगकाँग व चीनमध्ये दाखवली गेली. हाँगकाँगमध्ये अखेरचा भाग पाहणाऱ्यांची संख्या तीस लाखांच्या वर होती. त्या वेळी शहराची लोकसंख्या सत्तर लाखांच्या आत होती. चिनी प्रेक्षकांना कन्फ्यूशियसची शिकवण, वडीलधाऱ्यांचा मान आणि वनौषधींचे ज्ञान ओळखीचे वाटले. जपानमध्ये एरवी मालिका न पाहणारे मध्यमवयीन पुरुषही तिच्याकडे वळले.

इराणमध्ये ती २००६-०७ मध्ये सरकारी दूरचित्रवाणीवर ‘राजवाड्यातले रत्न’ अशा अर्थाच्या फारसी नावाने आली आणि नायिका तिथे ‘यांगोम’ म्हणून घरोघरी पोहोचली. इराणी प्रक्षेपणाच्या कडक नियमांत पाश्चात्त्य मालिका बसत नसत. सागुकमधल्या स्त्रिया गळ्यापासून पायांपर्यंत झाकलेल्या असत, प्रेम नजरेतून व्यक्त होई आणि थोरांपुढे मान झुकवणे ही रीत होती, त्यामुळे कात्रीला फारसे काम उरले नाही. पाठोपाठ ‘जुमोंग’ आली. गोगुर्यॉ राज्याचा दंतकथेतला संस्थापक जुमोंग याच्यावरची ८१ भागांची ही मालिका एमबीसीवर २००६-०७ मध्ये झाली होती. इराणमध्ये तिला इतका प्रतिसाद मिळाला की नायक सोंग इल-गुक यांनी २००९ मध्ये तेहरानला भेट दिली. तुर्कस्तान, रोमानिया, हंगेरी आणि उझबेकिस्तान येथेही सागुकांना प्रेक्षक मिळाला. श्रीलंकेत ‘दे जांग गुम’ सरकारी रूपवाहिनीवर ‘सुजाता दियणी’ या सिंहली नावाने गाजली. एकूण नव्वदहून अधिक देशांत ही मालिका गेली.

भारतात दूरदर्शनने २००६ मध्ये दोन सागुक हिंदीत आणले. पहिला ‘एम्परर ऑफ द सी’. नवव्या शतकात वांदो बेटावर आरमारी ठाणे उभारून चीन आणि जपान यांच्यामधला व्यापार ताब्यात घेणाऱ्या जांग बोगोची ती कथा. दुसरा ‘दे जांग गुम’, ज्याचे हिंदी नाव होते ‘घर का चिराग’. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांनाही सागुकची पहिली ओळख झाली ती या राष्ट्रीय वाहिनीवरूनच. ईशान्येत वाट वेगळी होती. मणिपूरमध्ये २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपट आणि वाहिन्यांवर बंदी घातल्यावर केबलवरची कोरियन ‘अरिरांग’ वाहिनी आणि म्यानमार सीमेवरून येणाऱ्या सीडी यांनी ती पोकळी भरली.

कोरियाच्या प्राचीन परंपरेत भारताचा एक धागा आहे. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथानुसार गाया राज्याचा राजा सुरो याने इसवी सन ४८ मध्ये ‘आयुता’ देशाच्या राजकन्येशी विवाह केला. हा देश म्हणजे अयोध्या असे मानणारा पक्ष कोरियात आहे आणि २००१ मध्ये अयोध्येत शरयूकाठी तिचे स्मारक उभारण्यात आले. २०१० मध्ये एमबीसीने राजा सुरोवर मालिका केली आणि ती राजकन्याही पडद्यावर आली. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा दंतकथाच ठरते.

पडद्याबाहेरचा परिणाम

मालिकांसाठी उभारलेल्या देखाव्यांची गावे पुढे पर्यटनस्थळे झाली. मुंग्योंगच्या डोंगरखिंडीत ‘तेजो वांग गॉन’साठी, वांदो बेटावर जांग बोगोच्या मालिकेसाठी, नाजू येथे ‘जुमोंग’साठी वाडे आणि तटबंद्या उभ्या राहिल्या. जिल्हा प्रशासनांनी जागा आणि पैसा पुरवला, कारण चित्रीकरण संपल्यावर तिथे सहली येत. सोलजवळच्या यांगजू येथे जांग गुमचा मुदपाकखाना पाहायला चिनी आणि जपानी पर्यटकांच्या रांगा लागत. योंगिन येथील एमबीसीच्या चित्रीकरण-संकुलाला तर पुढे तिचेच नाव देण्यात आले.

सोलमधल्या ग्यॉन्गबोकगुंग राजवाड्याचे नशीबही या काळात पालटले. १३९५ मध्ये बांधलेला हा वाडा १५९२ मध्ये जळाला, १८६७ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि जपानी राजवटीत त्याच्या बहुतेक इमारती पाडून पुढ्यात गव्हर्नर जनरलची कचेरी बांधण्यात आली. ती कचेरी १९९५-९६ मध्ये पाडण्यात आली आणि राजवाड्याची पुनर्बांधणी होत गेली. २०१३ पासून पारंपरिक हानबोक परिधान केलेल्यांना प्रवेश मोफत आहे. आज वाड्याभोवती भाड्याने हानबोक देणारी दुकाने ओळीने आहेत आणि घेरदार परकर सावरत फोटो काढणाऱ्यांत परदेशी तरुणींचा भरणा मोठा असतो. शासनाने कोरियन खाद्यसंस्कृतीच्या जागतिक प्रसाराची मोहीम २००९ च्या सुमारास हाती घेतली, तेव्हा जांग गुममुळे परदेशी माणसाला राजघराण्याच्या थाळ्याची ओळख आधीच झालेली होती.

इतिहास कोणाचा

लोकप्रियतेबरोबर वादही आले. २००२ मध्ये चीनने ईशान्य प्रांतांच्या इतिहासाचा संशोधन प्रकल्प सुरू केला आणि गोगुर्यॉ हे चीनचेच एक प्रादेशिक राज्य होते अशी मांडणी पुढे आली. कोरियात संताप उसळला. २००६ मध्ये तिन्ही मोठ्या वाहिन्यांवर त्या प्राचीन उत्तरेकडच्या राज्यांचे सागुक एकाच वेळी आले, ते त्या वातावरणात. ‘जुमोंग’ त्यांतलीच एक. या काळाची लिखित साधने फार थोडी आणि बहुतेक बाराव्या-तेराव्या शतकातली असल्याने पटकथाकारांना मोकळे रान मिळाले आणि राष्ट्राभिमानाने ते भरून काढले.

देशांतर्गत टीकेचा रोख उलट दिशेने असतो. इतिहासाशी खेळल्याचा आरोप झाला की प्रेक्षक आणि जाहिरातदार दोघेही पाठ फिरवतात. २०१३ च्या ‘एम्प्रेस की’ मालिकेत एका दुराचारी राजाला नायक केल्याबद्दल ओरड झाली आणि निर्मात्यांनी त्याच्या जागी काल्पनिक राजा आणला. २०२० च्या अखेरीस आलेल्या ‘मिस्टर क्वीन’ या विनोदी मालिकेत राजवृत्तांताला बाजारगप्पांचे चिटोरे म्हणणारे वाक्य होते. त्यावर तक्रारींचा पाऊस पडला आणि निर्मात्यांना माफी मागावी लागली. मार्च २०२१ मध्ये ‘जोसॉन एक्सॉर्सिस्ट’ या मालिकेत जोसॉन काळातल्या प्रसंगात चिनी धाटणीचे खाद्यपदार्थ आणि सजावट दिसली. जाहिरातदारांनी हात काढून घेतले आणि मालिका दोन भागांनंतर बंद पडली. चीनशी सांस्कृतिक मालकीवरून चाललेल्या भांडणात ही एवढीशी चूकही कोरियन प्रेक्षकाला मोठी वाटली.

बाजारपेठाही राजकारणातून सुटल्या नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवण्याचा निर्णय कोरियाने घेतल्यावर चीनने कोरियन मालिकांना दारे बंद केली. एका मोठ्या ग्राहकावर अवलंबून राहण्याचा धोका निर्मात्यांच्या ध्यानात आला.

नवा मंच, नवे सागुक

पर्याय स्ट्रीमिंगने दिला. २०१८ ची ‘मिस्टर सनशाइन’ ही जोसॉनच्या अखेरच्या दशकांतल्या स्वातंत्र्यसैनिकांची मालिका कोरियाबरोबरच नेटफ्लिक्सवरही दिसली. २५ जानेवारी २०१९ रोजी ‘किंगडम’ या मालिकेचे सहा भाग १९० देशांत एकाच दिवशी आले. राजा मेल्यावरही त्याला जिवंत भासवणारे मंत्री आणि भुकेल्या रयतेत पसरलेली मृतांना उठवणारी साथ अशी तिची कल्पना. परदेशी प्रेक्षकांचे लक्ष मृतांइतकेच पात्रांच्या टोप्यांकडे गेले. घोड्याच्या केसांची आणि बांबूच्या तंतूंची काळी, पारदर्शक ‘गात’ ही पुरुषांची टोपी जगभर चर्चेचा विषय झाली.

या काळात शुद्ध ऐतिहासिक मालिका मागे पडली आणि मिश्र प्रकार वाढला. त्याला ‘फ्यूजन सागुक’ म्हणतात. त्यात काळ खरा, पण माणसे काल्पनिक असतात. आधुनिक माणूस भूतकाळात जातो, मुलगी पुरुषवेशात विद्यापीठात शिकते, किंवा राजाच जादूच्या जगात असतो. केबीएसने २०१६ नंतर आपल्या महानदी मालिका पाच वर्षांहून अधिक काळ थांबवल्या. २०२१ च्या अखेरीस त्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा पहिल्याच मालिकेच्या चित्रीकरणात एक घोडा दगावल्याचे उघड होऊन वाहिनीला माफी मागावी लागली. युद्धे, घोडदळ आणि शेकडो नटांचा ताफा यांचा खर्च पेलणे कोणत्याही वाहिनीला आता सोपे राहिलेले नाही.

भारतात टाळेबंदीच्या काळात कोरियन मालिकांचा प्रेक्षक झपाट्याने वाढला. नेटफ्लिक्सच्या म्हणण्यानुसार २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये हे पाहण्याचे प्रमाण ३७० टक्क्यांहून अधिक वाढले. मराठी घरांतही या मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह किंवा हिंदी आवाजात पाहिल्या जातात. वीस वर्षांपूर्वी दूरदर्शनच्या ठरावीक वेळेची वाट पाहावी लागे, आता सोळा-वीस भागांचा सागुक दोन-तीन रात्रींत संपतो.

देशोदेशी गेलेल्या सागुकांची यादी पाहिली तर त्यात ‘जुमोंग’सारख्या दंतकथेतल्या वीरांचा अपवाद सोडल्यास सिंहासनाच्या कथा थोड्या आहेत. वैद्य, स्वयंपाकीण, व्यापारी, दासी यांच्या कथा अधिक आहेत, कारण हाताचे कौशल्य आणि खालच्या पायरीवरून वर येण्याची धडपड समजायला कोणत्याही घराण्याची वंशावळ पाठ असावी लागत नाही. २०२५ मध्ये टीव्हीएन वाहिनी आणि नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘बॉन अॅपेटिट, युअर मॅजेस्टी’ या गाजलेल्या मालिकेत आजची एक बल्लवाचार्या जोसॉन काळात जाऊन पडते आणि एका जुलमी राजासाठी स्वयंपाक करते. तो राजा १४९४ ते १५०६ या काळात राज्य केलेल्या योनसानगुनवर बेतलेला आहे, पण मालिकेत त्याचे नाव बदललेले आहे. जांग गुमनंतर बावीस वर्षांनी सागुक पुन्हा मुदपाकखान्यात आला, तो खऱ्या राजाचे नाव घेण्याचे टाळून.